दस्तऐवजावाचून वारसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८५० आणि १८६० या दोन साली जी शिरगणती झाली, तिच्यात गुलामांसाठी एक निराळा तक्ता ठेवलेला होता. त्या तक्त्यात मालकाचे नाव लिहिले जाई आणि त्याखाली, एका ओळीला एक माणूस या हिशेबाने, त्याच्या ताब्यातील माणसांचे वय, लिंग आणि वर्ण यांची नोंद होई. त्या माणसांच्या नावांसाठी मात्र रकाना नव्हता. गुलामगिरी कायद्याने नष्ट झाल्यानंतर, १८७० च्या शिरगणतीत, हे लोक प्रथमच आपापल्या नावानिशी त्या दफ्तरात दाखल झाले. त्यामुळे त्यांच्या वंशजांपैकी कोणी आपल्या कुळाचा माग काढू लागला, तर १८७० पर्यंत त्याला माणसे भेटतात आणि त्यापलीकडे बहुधा मालमत्तेच्या याद्या भेटतात. आफ्रिकेतील कोणत्या गावातून, कोणत्या भाषेतून, कोणत्या दैवताच्या छायेतून आपला पूर्वज उचलला गेला, याचा जबाब देणारा कागद त्याच्या हाती सहसा लागत नाही.

अशा पूर्वजांच्या वंशजाने ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून आपण आफ्रिकेचे आहोत असे म्हटले, आणि गेल्या पन्नास वर्षांत हिप-हॉप या नावाने जगभर पसरलेल्या कलेत असे म्हणणारे असंख्य निघाले, तर त्या म्हणण्याचे प्रामाण्य कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा वाटला तरी मुळात तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. वारसा सिद्ध करण्याचे दोन मार्ग आपल्या मुलकी व्यवहारात पूर्वापार मानलेले आहेत: एक सनद अथवा दस्तऐवज, आणि दुसरा वहिवाट. ज्याच्यापाशी सनद नाही त्याने, जमीन आपण पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे कसली, तिचा सारा भरला आणि बांध राखले, एवढे दाखवून दिले, तर कागदावाचूनही त्याच्या म्हणण्याला वजन येते. संस्कृतीच्या वारशाला हा न्याय लागू पडतो काय, हे पाहावयाचे आहे.

यासाठी आपल्या धर्मविचारातील एक कल्पना मला उपयोगी वाटते, ती ऋणाची. मनुष्य जन्मतःच ऋषींचा, देवांचा आणि पितरांचा ऋणी असतो आणि अध्ययनाने, यज्ञाने व संततीने तो त्या ऋणांतून मोकळा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तैत्तिरीय संहितेत हे विधान ब्राह्मणाविषयी केलेले आहे, ही गोष्ट सांगताना आपण सहसा गाळतो. ज्याला वेदाध्ययनाचा अधिकार नाही त्याला ऋषिऋण नाही, आणि ज्याला यज्ञाचा अधिकार नाही त्याला देवऋण नाही. ऋणातून अशी परस्पर सूट मिळणे हे वरकरणी भाग्य वाटेल. वस्तुतः अमुक मनुष्य कोणाचेही देणे लागत नाही असे जेव्हा एखादा समाज ठरवितो, तेव्हा त्या मनुष्याला कोणाकडून काही मिळालेलेच नाही, असाही निकाल तो त्याच दमात देऊन मोकळा होतो. गुलाम करून नेलेल्या लोकांची जी नागवण झाली तिच्यात त्यांचे श्रम गेले, देह गेले, मुलेबाळे गेली. आणि या सर्वांबरोबर, आपण कोणाचे देणे लागतो हे जाणण्याचा हक्कही गेला. हिप-हॉपमधील आफ्रिकी वंशाच्या कलावंतांचा सारा खटाटोप हा हिरावलेले ऋण परत मागण्याचा खटाटोप आहे, आणि त्यांच्या आफ्रिकीपणाची पारख ते ऋण कोण कसे फेडतो यावरूनच केली पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे.

या कलेच्या जन्माची हकिकत आता सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत म्हणून नाचाचा एक कार्यक्रम ठरविला, आणि तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला लोक डीजे कूल हर्क म्हणून ओळखत, तो तबकड्या वाजवावयास बसला. क्लाइव्ह हा जमैकातील किंग्स्टनचा, १९६७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, न्यूयॉर्कला आलेला. गाणे थांबून केवळ तालवाद्ये वाजत राहतात अशा ज्या थोड्या क्षणांना त्या मंडळींत ‘ब्रेक’ म्हणतात, त्या क्षणांत नाचणाऱ्यांच्या अंगात सर्वांत अधिक जोर येतो हे त्याने हेरले होते. आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवीत असे. तालावर बोलत राहण्याची रीत जमैकात रस्त्यावर होणाऱ्या जलशांतून त्याच्या परिचयाची होती. तुकडे जोडण्याच्या या कसबाला ज्याने पुढे शास्त्राची शिस्त आणली, तो ग्रँडमास्टर फ्लॅश बार्बेडोस बेटात जन्मलेला. म्हणजे या कलेचे आद्य प्रवर्तक आफ्रिकेतून निघालेल्या, पण वाटेत बेटाबेटांवर मुक्काम पडलेल्या घराण्यांतले होते.

येथे वहिवाटीचा पहिला पुरावा दृष्टीस पडतो. १७३९ साली साउथ कॅरोलायना वसाहतीत स्टोनो नदीपाशी गुलामांनी उठाव केला, तो ढोल वाजवीत. आणि पुढल्याच वर्षी तेथील विधिमंडळाने गुलामांविषयी जो कडक कायदा केला, त्यात ढोल आणि शिंगे वापरण्यास बंदी घातली. ज्या वाद्यावर अशी जप्ती आली त्याचा ताल टाळ्यांनी, मांडीवरच्या थापांनी आणि पायांच्या ठेक्यांनी राखला गेला. दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर ब्राँक्समधील एक पोर गाण्यातले शब्द आणि सूर बाजूस सारून नेमका ढोलाचा तुकडाच उचलतो आणि त्याचीच आवर्तने करतो, तेव्हा आपण १७४० च्या कायद्याला उत्तर देत आहो असे त्याच्या मनात असण्याचे कारण नाही. वहिवाट ही बहुधा अजाणताच चालते, आणि अजाणता चालली म्हणून तिचे प्रामाण्य उणावत नाही.

जाणीवपूर्वक वारसा सांगू गेल्यावर मात्र अडचणी सुरू होतात. ब्राँक्स रिव्हर या सरकारी वसाहतीत वाढलेल्या, ‘ब्लॅक स्पेड्स’ नावाच्या टोळीत वावरलेल्या एका तरुणाने आफ्रिका बंबाटा हे नाव धारण केले आणि आपल्या संघटनेला झुलू नेशन म्हटले, याचे मूळ ‘झुलू’ या १९६४ सालच्या चित्रपटात होते. १८७९ मधील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवरचा तो चित्रपट ब्रिटिश शिपायांचे शौर्य सांगण्यासाठी काढलेला. पण पडद्यावर ताठ मानेने चालून येणारे झुलू योद्धे पाहून त्या पोराच्या मनाने चित्रपटकाराचा पक्ष सोडला आणि शत्रूचा पक्ष धरला. आता दस्तऐवजाच्या दृष्टीने पाहिले तर हा दावा टिकत नाही: झुलूंचा मुलूख आफ्रिकेच्या आग्नेय टोकाशी, आणि अमेरिकेत नेलेले गुलाम बहुतांशी पश्चिम व पश्चिम-मध्य किनाऱ्यावरून नेलेले. नाईलच्या तीरावरील सम्राटांना आपले पूर्वज म्हणणाऱ्या ‘एक्स-क्लॅन’सारख्या गायकवृंदाची अवस्था याहून निराळी नाही. ज्याचे पूर्वज अज्ञात, तो राजे निवडतो. शेतकरी, कुंभार, कोळी यांना पूर्वज म्हणून निवडणारा क्वचितच भेटतो.

तरीही या दाव्याचा निकाल एवढ्यावर लावता येत नाही. झुलू नेशनने त्या काळी टोळ्यांतील अनेक पोरांना सुऱ्यांऐवजी नाचाने, शब्दांनी आणि भिंतीवरील रंगांनी एकमेकांशी सामना करण्याचा मार्ग दाखविला, आणि त्या मर्यादेत त्या उसन्या नावाने खरे काम केले. पुढे २०१६ साली खुद्द बंबाटावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप जाहीरपणे झाले आणि संघटनेच्या नेतृत्वापासून त्याला दूर व्हावे लागले. पूर्वजाचे नाव धारण केल्याने मनुष्याला चारित्र्याची सनद मिळत नाही. आणि नावामागील आचार ज्यांनी चालविला, त्यांचा हक्क संस्थापकाच्या वर्तनाने बुडतही नाही. असे नाव हे कोणाचे वतन होऊ शकत नाही.

धर्माचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात. १९३० साली डेट्रॉइट येथे स्थापन झालेल्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथात, धन्याने दिलेले आडनाव टाकून त्या जागी ‘एक्स’ हे अक्षर लिहिण्याची प्रथा होती. माल्कम लिट्लचा माल्कम एक्स झाला तो या प्रथेने. बीजगणितात अज्ञात राशीसाठी वापरले जाणारे हे अक्षर दफ्तरातील रिकाम्या जागेत खोटे नाव घुसडीत नाही. ती जागा रिकामी आहे आणि कोणीतरी रिकामी केली आहे, एवढेच ते निर्भयपणे नोंदविते. याच पंथाच्या हार्लेममधील मशिदीत क्लॅरेन्स स्मिथ नावाचा एक मनुष्य क्लॅरेन्स १३ एक्स म्हणून वावरत होता. त्याने पंथ सोडला आणि १९६४ च्या सुमारास रस्त्यावरील पोरांना स्वतःची शिकवण देण्यास आरंभ केला. आकाशात दडलेला असा कोणी गूढ ईश्वर नाही. कृष्णवर्णीय पुरुष हाच ईश्वर आहे. मानवजातीत ८५ टक्के अज्ञानी, १० टक्के सत्य जाणून ते लपविणारे आणि ५ टक्के सत्य जाणून ते शिकविणारे निर्धन सदाचारी शिक्षक असतात, असा त्या शिकवणुकीचा गोषवारा होता. ‘फाइव्ह पर्सेंटर्स’ हे नाव त्यावरूनच पडले. अंकांना त्यांनी ज्ञान, शहाणपण, आकलन अशा अर्थांची जोड दिली, हार्लेमला मक्का आणि ब्रुकलिनला मदिना म्हटले. प्रवर्तकाची १९६९ साली गोळ्या घालून हत्या झाली, पण शिकवण राहिली. आणि विल्यम ग्रिफिन नावाचा लाँग आयलंडवरील एक तरुण ती स्वीकारून रकीम झाला, व १९८७ साली एरिक बी याच्यासह त्याची ‘पेड इन फुल’ ही तबकडी निघाली, तेव्हापासून या पंथाची परिभाषा हिप-हॉपमधील तालबद्ध बोलण्याच्या, म्हणजे रॅपच्या, रक्तात मिसळली. ब्रँड न्यूबियन, पुअर राइटियस टीचर्स आणि स्टेटन आयलंडचे वू-टँग क्लॅन हे सर्व त्याच परिभाषेत बोलणारे.

अद्वैताच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला मनुष्यच ईश्वर आहे हे वाक्य ऐकून दचकण्याचे कारण नाही. उलट, हे तर आमचेच, असे म्हणण्याचा मोह त्याला होईल, आणि तो मोह आवरला पाहिजे. वेदान्तात जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य सिद्ध होते ते देह, वर्ण, नाम, रूप या उपाधींचा निरास झाल्यावर. हार्लेमच्या शिकवणुकीत नेमक्या त्या उपाधीलाच देवत्व दिलेले आहे. ज्याचा देह बाजारात मांडून विकला गेला, ज्याच्या वर्णावरून त्याची किंमत ठरली, त्याला देह मिथ्या आहे असे सांगणे म्हणजे त्याच्यावर झालेला अन्यायही मिथ्या आहे असे सांगण्यासारखे आहे. म्हणून तो देह टाकीत नाही, त्याला मखरात बसवितो. तत्त्वज्ञान म्हणून या सिद्धान्तात गंभीर दोष आहेत, कारण एका वर्णाला देवत्व देणे हे दुसऱ्या वर्णाने स्वतःला दिलेल्या देवत्वाचेच उलटे प्रतिबिंब ठरते. परंतु त्या सिद्धान्ताबरोबर जे कर्तव्य जोडलेले आहे ते विसरता येत नाही. ज्याला कळले त्याने शिकविले पाहिजे, वर्तुळात उभे राहून पाठ म्हटला पाहिजे, ऐकणाऱ्याने प्रश्न विचारले पाहिजेत. रॅप करणाऱ्यांच्या ज्या वर्तुळाला आज ‘सायफर’ म्हणतात, त्याचे नाव या पाठशाळेतून आलेले आहे. ज्यांना ऋषिऋण नाकारले गेले होते, त्यांनी स्वतःपुरते ऋषी निर्माण केले आणि अध्यापनाने त्यांचे ऋण फेडण्याची व्यवस्था लावली.

या व्यवस्थेत स्त्रीचे स्थान मात्र गौणच राहिले. पुरुषाला देव म्हणणाऱ्या या पंथाने स्त्रीला पृथ्वी म्हटले. आणि पृथ्वीने सूर्याभोवती फिरावे ही अपेक्षा ओघानेच आली. यावरचा उत्तम जबाब या कलेतूनच निघाला. डेना ओवेन्स या न्यू जर्सीच्या मुलीने बालपणीच एका अरबी नामावलीतून लतीफा हे नाव निवडले होते. ‘क्वीन लतीफा’ म्हणून १९८९ साली तिने मोनी लव्ह हिच्याबरोबर ‘लेडीज फर्स्ट’ हे गीत काढले, आणि त्याच्या चित्रफितीत सोजर्नर ट्रूथ, अँजेला डेव्हिस, विनी मंडेला यांच्या प्रतिमा आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची दृश्ये घातली. तिने राण्यांच्या दंतकथा बाजूस ठेवून राबलेल्या, तुरुंगात गेलेल्या स्त्रियांना पूर्वजांत बसविले. पितृऋणाच्या हिशेबात मातांची बाकी कोणी धरलीच नव्हती, ती तिने धरावयास लावली.

पितरांचे ऋण फेडण्याची या कलेची स्वतःची एक क्रिया आहे, ती म्हणजे सॅम्पलिंग. जुन्या तबकडीतील दोन-चार मात्रांचा तुकडा उचलून तो नव्या रचनेचा पाया करावयाचा, आणि जाणत्या श्रोत्याने तो तुकडा ओळखून मनाशी त्या जुन्या वादकाचे स्मरण करावयाचे, ही पद्धत श्राद्धातील नामोच्चाराच्या फार जवळ जाते. पण ज्या गोष्टीला एक पक्ष स्मरण म्हणतो तिला दुसरा पक्ष चोरी म्हणू शकतो. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गीताचा तुकडा परवानगीवाचून वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या संघ-न्यायालयात जो दावा गुदरला गेला, त्याचा निकाल १९९१ च्या डिसेंबरात देताना न्यायमूर्तींनी आरंभीच मोशेच्या दहा आज्ञांतील चोरीचा निषेध करणारी आज्ञा उद्धृत केली. मालमत्तेच्या खटल्यात कायद्याच्या कलमाआधी धर्मग्रंथ उभा राहिला, ही घटना या चर्चेत फार बोलकी आहे. ज्यांचे पूर्वज चोरून नेले गेले, त्यांच्या वंशजाला त्याच ग्रंथातील वचनाने चोर ठरविले गेले, असा रोष त्यावर कोणी व्यक्त केला तर तो समजण्यासारखा आहे.

पण केवळ रोषाने हिशेब मिटत नाही. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात क्लाइड स्टबलफील्ड नावाचा ढोलवादक होता. ‘फंकी ड्रमर’ या तबकडीतील त्याचा काही मात्रांचा एकल तुकडा हिप-हॉपमध्ये सर्वाधिक वेळा उचलल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक आहे, आणि ‘पब्लिक एनिमी’च्या १९८९ मधील प्रसिद्ध लढाऊ गीतातही तो आहे. गीतकार म्हणून कागदावर स्टबलफील्डचे नाव नव्हते; त्यामुळे २०१७ साली तो वारला तोवर त्या अफाट वापराचा मोबदला त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. येथे दोष केवळ कायद्याचा नाही. पितरांच्या नावाने गाणाऱ्यांनी, पितर अजून हयात असताना आणि विस्कॉन्सिनमध्ये स्थानिक मंडळींबरोबर ढोल वाजवीत असताना, त्याचे देणे थकविले. ऋण हे मालमत्तेहून श्रेष्ठ तत्त्व आहे असे म्हणणाऱ्याने सावकार जिवंत असेल तर त्याच्या दारी जाण्याची तयारी ठेवली पाहिजे.

अटलांटिकच्या पलीकडे, सेनेगालच्या डाकार शहरात, हा सारा प्रश्न उलटा होऊन समोर येतो. तेथे १९८९ साली दिदिए अवादी आणि डगी टी यांनी ‘पॉझिटिव्ह ब्लॅक सोल’ हा संच काढला. त्यांना आफ्रिका शोधावयाची नव्हती. ती पायाखाली होती. शोधावयाचे होते ते अमेरिकेतून आलेल्या या कलेशी आपले नाते. वोलोफ भाषेत तासू नावाचा तालबद्ध पठणाचा एक जुना प्रकार आहे, तेव्हा रॅप ही आमचीच गेलेली ठेव परत आली आहे, असे तेथील अनेक कलावंत म्हणत आले. पण अमेरिकेतील रॅपर ज्या पदवीवर अभिमानाने हक्क सांगतो, त्या ‘ग्रिओ’ या पदवीविषयी डाकारच्या तरुणांची मनःस्थिती द्विधा असते. ग्रिओ म्हणजे वंशावळी तोंडपाठ असणारा, सरदार-दरकदारांची स्तुती गाऊन बिदागी घेणारा स्तुतिपाठक. आणि तो तेथे जन्माने ठरतो, त्याच्या जातीशी रोटीचा नसला तरी बेटीचा व्यवहार वरच्या जातींनी पूर्वापार वर्ज्य मानलेला आहे. सत्ताधाऱ्याला जाब विचारण्यासाठी उभ्या राहिलेल्या तरुणाला स्तुतिपाठकाचे बिरुद कसे मानवावे? दुरून जो वारसा निर्मळ सुवर्णासारखा दिसतो, त्यात जातीची मिसळ असते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

डाकारच्या कलावंतांनी या पेचातून आचाराने वाट काढली. अवादीने २०१० साली ‘प्रेसिदां द्’आफ्रिक’ हा संग्रह काढला, त्यात लुमुंबा, एन्क्रुमा, सांकारा या आफ्रिकी नेत्यांच्या भाषणांचे मूळ आवाज घेऊन त्यांच्याभोवती रचना गुंफल्या. स्तुतिपाठकाचे काम त्याने ठेवले, पण बिदागी देणारा धनी काढून टाकला. त्यानंतर २०११ च्या आरंभी काओलाकहून आलेल्या ‘कर गी’ या रॅपर जोडीने काही पत्रकारांसह ‘यां आ मार’ ही चळवळ उभारली. अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी घटना बदलून सत्ता टिकविण्याचा जो घाट घातला होता, त्याविरुद्ध त्याच वर्षी २३ जूनला डाकारमध्ये लोक रस्त्यावर आले, बदल मागे घेतला गेला, आणि २०१२ च्या निवडणुकीत वाद पराभूत झाले. रॅपरनी तरुणांना मतदार म्हणून नोंद करावयास लावले. ज्या दफ्तरांनी कधीकाळी माणसांची नावे वगळली, त्यांच्याच जातीच्या एका दफ्तरात नावे चढविण्याचे हे काम होते.

तिसरे उत्तर फ्रान्समधून आले. काँगोच्या आईबापांच्या पोटी १९७५ साली पॅरिसमध्ये जन्मलेला रेजिस फायेट-मिकानो स्ट्रासबुर्गच्या नॉयहोफ या गरीब वसाहतीत वाढला. कॅथलिक संस्कार, शाळेतील हुशारी आणि रस्त्यावरील चोऱ्या ही तिन्ही एकाच वेळी चालू होती. तारुण्यात त्याने इस्लाम स्वीकारला, अब्द अल मलिक हे नाव घेतले, काही काळ कर्मठ प्रचारकांबरोबर घालविला, आणि अखेरीस मोरोक्कोतील बुतशिशी सूफी परंपरेच्या पिराचा तो शिष्य झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आणि त्यावर स्वतःच दिग्दर्शित केलेल्या २०१४ च्या चित्रपटात त्याने हा प्रवास मांडला आहे. हार्लेमचा कलावंत ईश्वराला आपल्या वर्णाच्या देहात आणून बसवितो. अब्द अल मलिक ईश्वरापुढे वर्णाचा आग्रह सैल करतो. आफ्रिकेचे, इस्लामचे आणि फ्रान्सचे देणे तो एकाच खात्यावर मांडतो: लेखक कामूला गुरुस्थानी मानतो, आणि गायक जाक ब्रेलचा पियानोवादक जेरार जुआनेस्त याच्या साथीने त्याने रचनाही केल्या. देवऋण मान्य केल्यावर इतर ऋणांतील भांडण मिटते, हा त्याचा अनुभव आहे. तो सर्वांना लागू पडेलच असे नाही. वर्णावरून ज्याची झडती घेतली जाते त्या पोराला वर्ण विसरण्याचा उपदेश पोकळ वाटू शकतो, आणि तसा आक्षेप घेणाऱ्याला उत्तर देण्याची जबाबदारी अध्यात्माला टाळता येणार नाही.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी एक सरळ धागा आहे. हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि येथील अस्पृश्यांचा प्रश्न किती सारखा आहे हे सांगून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांनी ठेवलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, आणि ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर धाडले. स्वतःला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणाऱ्या मनाच्या दुभंगलेपणाचे वर्णन ड्यू बॉइस यांनी १९०३ सालीच करून ठेवले होते. पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असल्याचा सिद्धान्त मांडला, आणि १९५६ साली दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा वारसा पुढे केला. इतिहाससंशोधक या सिद्धान्ताच्या पुराव्याविषयी वाद घालतील, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. परंतु १४ ऑक्टोबरला लाखो लोकांनी जे स्वीकारले त्याचे प्रामाण्य त्या वादाच्या निकालावर टांगलेले नव्हते. ते बावीस प्रतिज्ञांवर उभे होते, म्हणजे उद्यापासून कसे वागावयाचे याच्या कबुलीवर. गतकाळाचा कागद आणि भावी आचाराची प्रतिज्ञा यांत तोल कोठे ठेवावा, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखविले गेले असेल. १९७२ साली मुंबईतील तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो यावाच. वारसा जर आचाराने सिद्ध होत असेल तर कोणीही उठावे आणि कोणालाही पूर्वज म्हणावे, अशी बेबंदशाही माजणार नाही काय? केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरचेच उदाहरण घ्या. २०१४ साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला, रॉबेन बेटावरील तुरुंग पाहून आला, आणि त्या प्रवासाचा ठसा त्याच्या २०१५ मधील ‘टु पिंप अ बटरफ्लाय’ या संग्रहावर उमटला. दोन वर्षांनी आलेल्या आणि २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेल्या ‘डॅम’ या संग्रहात मात्र कृष्णवर्णीयांना इस्राएलचे वंशज मानणाऱ्या पंथाचे पडसाद आहेत. आफ्रिकेचे राजवंश आणि इस्राएलचे कूळ हे दोन्ही दाखले एका माणसाच्या नावे एकाच वेळी निघणे कोणत्याही दफ्तरात शक्य नाही. तथापि दोन्ही संग्रहांत त्याला छळणारा प्रश्न एकच आहे: कॉम्प्टनच्या गल्लीतून मी सुटलो आणि माझे सोबती तेथेच मेले किंवा तुरुंगात गेले, तर मी त्यांचे काय देणे लागतो? वंशावळ बदलली, खाते तेच राहिले. आणि त्या खात्याची नोंद तो नाकारीत नाही, म्हणूनच वंशावळीतील विसंगती त्याच्या सचोटीला बाधत नाही.

वहिवाट म्हणजे मनास येईल तसा कब्जा नव्हे. ती उघड असावी लागते, अखंड असावी लागते, आणि तिला हरकत घेण्याची संधी इतर हिस्सेदारांना मिळालेली असावी लागते. आफ्रिकेचा वारसा सांगणाऱ्या रॅपरला हरकत घेणारे हिस्सेदार वर येऊन गेले आहेत: पंथातील देवांना आपल्या आया-बहिणींची बाकी दाखविणारी लतीफा, मोबदला न मिळालेला विस्कॉन्सिनचा ढोलवादक, ग्रिओ या पदवीत जात पाहणारा डाकारचा तरुण. ज्याच्या आफ्रिकीपणात या हरकतदारांना उभे राहावयास जागा नाही, त्याचा आफ्रिकीपणा हा एक पोशाख आहे, मग त्याच्या गळ्यात त्या खंडाच्या आकाराचे कितीही मोठे पदक असो. आणि ज्याने यांच्यापैकी एकाची तरी हरकत ऐकून आपल्या वर्तनात फेरफार केला, त्याचा वारसा कोणत्याही सनदेवाचून खरा मानावा, असे मला वाटते. हीच कसोटी ज्यांच्या घरी पिढीजात वंशावळी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांनाही लावावयास हरकत नाही. त्यांच्यापाशी कागद आहे, एवढ्याने त्यांचे देणे फिटले असे होत नाही.